टेम्पोपाशी आलेलं प्रभुभोजन

सोमवार, २० जानेवारी. भोर, दवाखान्याचा व्हरांडा.

हजर: मी, विमल. आमचे हे, म्हणजे दत्तात्रय, स्वतःचा टेम्पो चालवतात. आमची लेक स्नेहल, वरव्याला दिलेली, रजा काढून आलेली. मार्गासनीच्या माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो. आक्कांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आमच्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या.

गैरहजर: माझा आवाज. दिवाळीपासून खोकून खोकून तो बसला होता.

मी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. किराणा, चादरी, अंघोळीच्या पाळ्या, कुणाला कोणती भाजी चालत नाही, सगळं लिहून ठेवायची सवय. म्हणून डॉक्टरांनी "ताई, टीबी आहे, पण घाबरायचं नाही, रोज औषध घेतलं की बरा होतो," असं म्हटल्यावर मी पर्समधून पेन काढलं. प्रश्न लिहायला लागले. वसतिगृहात कधीपासून जायचं नाही? मुलींच्या तपासण्या कुणी करायच्या? ताट-वाटी वेगळी लागेल का?

आक्कांनी कपाळावर हात मारला. "आगं, डॉक्टर मरनाचं सांगतोय आन् ही लिवत बसलीय!"

"आजी, मी मरणाचं नाही बोललो," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई बोल्ला? मंग चांगलंय की. लिव गं, लिव."

मला हसू आलं, हसल्यावर खोकला आला आणि सगळा व्हरांडा दोन पावलं मागे सरकला. स्नेहलनं रुमाल पुढे केला. हे मात्र जागचे हलले नाहीत. भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले, जणू त्यांनाच लस टोचायची होती. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. टेम्पोत कायम भजन गुणगुणणारा माणूस. ही गोष्ट माझ्या आजारपणाची असली तरी निम्मी त्यांची आहे.

खिडक्या उघड्या ठेवा

ज्यांना हे दुखणं नव्यानं झालं असेल त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी आधीच सांगते. पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी होते. मला कुणीतरी सांगितलं होतं, तरी मी ओरडले. गोळ्या घेताना कुणीतरी समोर असू द्या. आमच्याकडे आरोग्य केंद्राच्या आशाताई यायच्या, आणि मी त्यांच्यासमोर पाण्याचा शेवटचा घोटसुद्धा पिऊन दाखवायचे. खिडक्या उघड्या ठेवा. थंडी वाजली तर शाल घ्या, खिडकी लावू नका. आणि लोकांना खरं सांगा. दमा म्हणून सांगितलं तर पुढे दोन दुखणी सांभाळावी लागतात.

खरं सांगितल्यावर काय होतं तेही सांगते. आमचं घर उत्रोलीला, रस्त्यालगत. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. पहिल्या आठवड्यात सगळे आले, आणि सगळे फाटकापाशी थांबले. फाटकापलीकडून प्रार्थना झाली. इतकी मोठ्यानं की शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बायकांनीही "आमेन" म्हटलं असेल. डबे फाटकाच्या खांबावर ठेवून लोक परत जायचे. माझा राग नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही फाटकच निवडलं असतं.

आक्का मात्र आत यायच्या. तोंडाला पदर लावायच्या, ते मी शिकवलं म्हणून. माझ्या केसांना तेल लावायच्या, भाताची पेज पाजायच्या. एकदा म्हणाल्या, "म्या माज्या देवीला सांगितलंय. तूबी तुज्या येसूला सांग. दोगं मिळून बगतील काय ते."

"आक्का, आमच्याकडं असं दोघांत वाटून देत नाहीत," मी म्हटलं.

"बरं. तुमचा एकटाच हाय तर त्याला जरा जास्त सांग."



आक्कांविषयी एवढं सांगायलाच हवं. हे मूळचे मार्गासनीच्या शेतकरी घरातले. तरुणपणी भोरला गॅरेजात कामाला होते, तिथं विश्वासात आले, बाप्तिस्मा घेतला. थोरल्या भावानं घरातून काढलं. पण आक्का दर बाजाराच्या दिवशी भाकरी बांधून गॅरेजात आणून द्यायच्या, नवऱ्याला न सांगता. पुढे माझ्या त्या थोरल्या दिरांचाही राग गेला, मग ते स्वतः वारले. हे आक्कांना आईच्या जागी मानतात. आक्का काही म्हणाल्या आणि यांनी नाही म्हटलं, असं मी पाहिलेलं नाही.

टेम्पो बिघडतो

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूनं आपल्यासाठी दिलेल्या देहाची नि रक्ताची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मन साफ नसेल तर ते घेऊ नये अशी शिकवण. त्यामुळे त्या दिवशी जो मागच्या बाकावर बसून राहतो, त्याच्याकडे सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. कुणाचं भावाशी बिनसलं, कुणी कुठे उधळला, पहिल्या रविवारी कळतं.

मला बाहेर पडता येत नव्हतं म्हणून आमचे पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन यायला लागले. सत्तरीचे, बारीक, स्कूटरवरून यायचे. द्राक्षरस खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून आणायचे. आशाताईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे औषध कुणी लिहून दिलं?"

पाळकसाहेब म्हणाले, "फार जुन्या डॉक्टरांनी."

फेब्रुवारीत ते आले आणि यांच्या लक्षात आलं की टेम्पोचा पट्टा सैल झालाय. हे बाहेर गेले, आम्ही दोघांनी प्रभुभोजन घेतलं, पाळकसाहेब गेले, पट्टा बसला. मार्चमध्ये ते आले तेव्हा ब्रेक ऑइल गळत होतं. बावीस वर्षं मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळात असलेला माणूस. एकदा एका मुलानं मनगटाला काळा दोरा बांधला म्हणून सगळ्या सभेसमोर त्याला फैलावर घेणारा माणूस. तो आता गाडीखाली आडवा आणि आत त्याच्याच घरात प्रभुभोजन.

"काय चाललंय तुमचं?" मी विचारलं.

"गाडी जुनी झाली."

"गाडी पहिल्या रविवारीच जुनी होते?"

हे हात पुसत निघून गेले. मला वाटलं, माझ्या दुखण्यामुळे देवावर रागावले असतील. ते मला समजलं असतं. माझीही प्रार्थना तेव्हा फार आध्यात्मिक नव्हती. "प्रभू, आज उलटी नको, आमेन." बहुतेक दिवशी एवढंच.

पिवळं

मार्चच्या शेवटी उलट्या वाढल्या. अन्नाचा वास नकोसा झाला. स्नेहल आली होती, तिनं खिडकीपाशी नेऊन माझा चेहरा उजेडात धरला आणि म्हणाली, "आई, तुझे डोळे हळदीसारखे झालेत." गोळ्यांचा लिव्हरला त्रास झाला होता. असं काहींना होतं. वाचणाऱ्यानं फक्त एवढं लक्षात ठेवावं की डोळे पिवळे दिसले तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

पुण्याला एका मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. गोळ्या सगळ्या बंद. लिव्हर शांत झालं की एकेक करून पुन्हा सुरू करायच्या. टीबी अर्धा बरा झालेला, औषध बंद, आणि आपण नुसतं थांबायचं. मला भीती वाटली ती तेव्हा. व्हरांड्यात नाही, तिथे.

वॉर्डाचं वेळापत्रक मला आवडलं, हे कबूल करते. सकाळी रक्त घेणारा, मग चादर बदलणाऱ्या मावशी, मग डॉक्टरांची फेरी, मग बिनमिठाची खिचडी. चादरी कोपऱ्यात कशा खोचायच्या हे मावशींनी मला शिकवलं आणि उकडलेला बटाटा दूध न घालता मऊ कसा ठेवायचा हे मी त्यांना. शेजारच्या खाटेवर मुळशीच्या एक बाई होत्या. त्या रोज विचारायच्या, "आज किती पिवळी?" आणि मी म्हणायचे, "काल आंबा होते, आज लिंबू." लिंबू झाले त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत हे आले. स्टुलावर बसले. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी अजून उतरला.

"विमल, हे माझ्यामुळं झालं."

"काय?"

"कावीळ."

मी त्यांना लिव्हर, गोळ्या, रक्ताचे आकडे सगळं समजावायला लागले. त्यांनी हात वर केला. मग सांगितलं. टीबी निघाला त्या आठवड्यात हे भाडं घेऊन वेल्ह्याकडे गेले होते. येताना मार्गासनीला उतरले. आक्कांसमोर रडले. आक्का म्हणाल्या, चल. आणि हे गेले. गावच्या देवीपुढे हात जोडले आणि बोलले की बायको बरी झाली तर ओटी भरीन आणि कोंबडं देईन.

"आक्कांनी तेव्हाच एक पिल्लू वेगळं काढलं," हे म्हणाले. "मी बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, एकाच दारात उभे राहा. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा दोन दिवस न्हाई टिकलो. त्यानं बघितलं असंल ना वरून? तू बरी होत होतीस. मग एकदम हे. गद्दारी मी केली, शिक्षा तुला."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला हसूच फुटलं. काविळीत हसलं की बरगडीखाली दुखतं, तरी थांबेना. मुळशीच्या बाई उठून बसल्या.

"हसतेस काय?"

"इतके दिवस त्या बिचाऱ्या टेम्पोवर आळ घेत होता तुम्ही!"

मग मी त्यांचा हात धरला. हा माणूस दोन-अडीच महिने एकटा ही शिक्षा भोगत होता, आणि आता ती वाढून माझ्या अंगावर आलीय असं त्याला वाटत होतं. मी मेले असते तर याचा विश्वास माझ्याबरोबर पुरला गेला असता. मी बरी झाले तरी हा म्हणणार, देवानं की देवीनं? मला बरं व्हायचं होतंच. पण त्या दुपारपासून मला हा माणूसही परत हवा होता. आणि त्याला कुठली गोळी नव्हती.

"पाळकसाहेबांना सांगा," मी म्हटलं.

"त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगून काय होणार? तुला माझा नियम माहितीय."

तो मला माहीत होता. भाड्याच्या धंद्यात यांचा एकच नियम आहे. ज्यानं आपल्याला बोलावून पुन्हा दुसऱ्याचा टेम्पो लावला, त्याच्या दारात परत जायचं नाही. कितीही पैसे देवो.

"मी असा," हे म्हणाले, "तर तो तर देव आहे."

मे महिन्याचा पहिला रविवार

मी घरी आले. गोळ्या एकेक करून पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी लिव्हरनं काही तक्रार केली नाही. रविवारी दुपारी पाळकसाहेबांची स्कूटर वाजली. हे ताबडतोब टेम्पोचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे राहिले. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता.

पाळकसाहेबांनी आत येऊन पेटी उघडली. भाकर काढली, बाटली काढली, दोन पेले मांडले, बाहेर बघितलं.

"आज काय बिघडलंय?"

मी ठरवलं होतं की मी सांगणार नाही, ते यांनी सांगायचं. म्हणून म्हटलं, "ते त्यांनाच विचारा. पण आता विचाराच. जूनपर्यंत थांबलात तर गाडीत बिघडायला काही उरणार नाही."

पाळकसाहेबांनी थाळी उचलली, वर स्वच्छ रुमाल टाकला आणि उन्हात चालू लागले. मी मागोमाग दारापर्यंत गेले. ते टेम्पोच्या पायरीवर बसले, थाळी मांडीवर घेऊन. म्हणाले, "दत्ताभाऊ, मी म्हातारा आहे. लवकर बोला, घेरी यायच्या आत."

आणि हे बोलले. बॉनेटमध्ये डोकं तसंच ठेवून, इंजिनाला सांगितल्यासारखं सगळं बोलले. भाड्याचा नियमसुद्धा सांगितला. "मी परत जात न्हाई, साहेब. तो का येईल?"

पाळकसाहेबांनी थाळीवरचा रुमाल नीट केला. मग म्हणाले, "शास्त्रात एक संदेष्टा आहे. त्याची बायको त्याला सोडून दुसऱ्यांमागं गेली. वाया गेली, विकली गेली. देव त्याला म्हणाला, जा, तिला परत घरी आण. तिनं माफी मागायच्या आधी जा. लोक हसले असतील त्याला. देव म्हणाला, माझं माझ्या लोकांशी हे असंच चाललंय, रोजचं."

"म्हणजे माझ्यासारख्यांशी."

"माझ्यासारख्यांशीपण. तुम्ही एकदा गेलात नि महिनोन् महिने गाडीखाली लपलात. मी रोज कुठं कुठं जातो ते मी सांगत नाही, ऊन फार आहे. दत्ताभाऊ, दुसऱ्याला फोन लावला म्हणून तुम्ही परत जात नाही. तो येतो. एवढाच तुमच्यात नि त्याच्यात फरक. म्हणून तर तो देव, आणि तुम्ही टेम्पोवाले."

"आणि कावीळ?"

"कावीळ गोळ्यांची. डॉक्टरांनी सांगितलं ना? देव बायकांच्या लिव्हरवर नवऱ्यांचे हिशेब चुकते करत नाही."

यांनी डोकं बाहेर काढलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. "हात खराब आहेत, साहेब."

"दिसतंय. साबण आहे आत. पण तुम्ही हात धुवायला गेलात की परत येत नाही, हा माझा अनुभव आहे. तोंड उघडा."

त्यांनी भाकरीचा तुकडा यांच्या तोंडात घातला. मग पेला धरला, लहान मुलाला पाजतात तसा. रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "काय भाऊ, म्हाताऱ्यानं औशध दिलं का?"

"व्हय," हे म्हणाले. "लई जुनं औशध."

मी तेवढ्यात आत गेले. मला भांडी होती असं मी नंतर सांगितलं. भांडी नव्हती.

पाळकसाहेब गेल्यावर हे बराच वेळ अंगणात उभे होते. मग बॉनेट लावलं. मग गुणगुणायला लागले, आधी चालीशिवाय, मग चालीत. जूनमध्ये ते पहिल्या रविवारी सभेत पुढच्या बाकावर बसले. ज्याला काळ्या दोऱ्यावरून फैलावर घेतलं होतं, त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसले आणि उपासना संपल्यावर त्याच्याशी फाटकापाशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. मुलगा हसत होता.

आता

गोळ्या संपल्या. बेडका तपासला, जंतू नाहीत. एक्स-रेमध्ये एक जुना डाग राहील, तो कायमचा, त्याला घाबरायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. वजन वाढलं, जरा जास्तच. वसतिगृहात मी परत हजर झाले. मुलींनी स्वागताला स्वतःच्या हातानं शिरा केला, त्यात साखर दोनदा पडली होती, मी दोनदा घेतला. आता दुखणेकऱ्यांकडे जाताना मी फाटकापाशी थांबत नाही, पदर तोंडाला लावून आत जाते.

एक काम राहिलंय.

आक्कांचा फोन येतो. "आरं, ती बरी झाली न्हवं? मंग? कोंबडं लई माजलंय, पोरांच्या अंगावर धावतंय. कवा येताय?" हे म्हणतात, पुढच्या रविवारी, वैनी. पुढचा रविवार येतो आणि जातो. नवस फेडायचा नाही, हे यांचं ठरलंय. पण शब्द आक्कांसमोर दिलेला. गॅरेजात चोरून भाकरी आणणाऱ्या, सगळे फाटकाबाहेर असताना आत येणाऱ्या बाईला कसं सांगायचं, की आम्ही तुमच्या देवीचं देणं देणार नाही? पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "खरं सांगा आणि तिथंच जेवायला बसा. त्या वाढतील की नाही ते त्या ठरवतील." सोपं नाही. यांना देवापुढे जायला जेवढी भीती वाटली, त्याच्याहून जास्त आक्कांपुढे जायची वाटते, आणि मलाही.

आज रविवार आहे. सभा झाली, आता मार्गासनीला निघायचंय. मी आक्कांसाठी एक लुगडं घेतलंय, हिरवं, काठ त्यांना आवडतात तसे. ते नवसाचं नाही, त्यांचं आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं असं आमचं ठरलं. दुसरं वाक्य अजून ठरलेलं नाही. टेम्पो दारात उभा आहे. त्यात काही बिघाड नाही, मी सकाळी स्वतः चालू करून बघितला. हे मात्र मघापासून किल्ली शोधतायत. ती माझ्या हातात आहे, आणि अजून मी ती दिलेली नाही.